केरसुणी आधी निघून गेली

पोझेगा, जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय ग्रादिमिर,

सव्वीस वर्षं तुला पत्र लिहिताना मी वरती 'प्रियातेल ग्रादिमिर' असं लिहीत आलो. मित्राला आपल्याकडे हाच शब्द, आणि तो मी कधी कुणावर उधळला नाही. आज तो मुद्दाम गाळला आहे. गाळला आहे हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू नेहमीसारखा चष्म्याशिवाय वाचशील आणि तुला पत्ताही लागणार नाही.

मोटारसायकलींच्या मेळाव्याहून परत येऊन अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत तुझा एक फोन नाही. मीही केला नाही, पण माझं वेगळं आहे, मी रागावलोय. तुला काय झालंय? आमची नेवेना दर रविवारी नोवी सादहून फोन करते, तीही या वेळी गप्प. आईला दोन ओळींचा निरोप पाठवला, कामात आहे म्हणून, आणि बापाचं त्यात नावही नाही. घरात देसांका मुरांब्याला जर्दाळू सोलत बसलीय आणि मी फिरकलो की म्हणते, तोंड सरळ कर, फळं आंबतील. म्हणून कागदाशी बोलतोय.

स्पष्टच लिहितो. माझा जळफळाट झाला. एकसष्टाव्या वर्षी, बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढलेल्या माणसाचा, एका दातांच्या डॉक्टरमुळे. हे लिहिताना लाज वाटते, पण पोटात ठेवलं तर जास्त दुखतं.

शुक्रवारी बायिना बाश्ताच्या पुलावर आपण नेहमीसारखे भेटलो. चौदा गाड्या असायच्या, या वर्षी पंधरा. पंधरावी तुझ्या अगदी शेजारी उभी होती, पांढरी, इतकी गुपचूप चालणारी की ती सुरू आहे की बंद हे वाकून बघावं लागतं. तिच्यावरून तो उतरला, तिहोमिर. तुझा पोरगा उरोश नोवी सादला ज्याच्या वरच्या मजल्यावर राहतो तो डॉक्टर, असं तू ओळख करून देताना म्हणालास. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. माझ्याबद्दल इतकं ऐकायला तुम्ही दोघं एकत्र बसता कधी, हा विचार तेव्हाच माझ्या डोक्यात शिरला आणि मग तो तिथून हलेना.

छावणीत गेलो. त्याचा तंबू फेकला की आपोआप उभा राहतो. ठीक आहे, राहू दे. पण सव्वीस वर्षं तुझ्या आणि माझ्या तंबूची दोरी एकाच खुंटीला बांधली जाते, आठवतं ना? पहिल्या वर्षी माझी खुंटी हरवली म्हणून बांधली आणि मग तीच रीत झाली. या वर्षी मी गाडी लावून येईपर्यंत त्या खुंटीला त्याची दोरी होती. तू म्हणालास, अरे, तू कर की जरा पलीकडे. पलीकडे म्हणजे संडासाच्या वाटेवर, जिथे जमिनीत सगळा दगड आहे. मी तिथे खुंट्या ठोकत बसलो. तुझा उरोश धावत आला, माझ्या हातातून हातोडी घेतली, सगळा तंबू त्यानेच उभारला, वर माझ्या गाडीचे आरसेही पुसून ठेवले. सारखा काका, काका करत होता आणि माझ्याकडे बघताना लाल होत होता. मला वाटलं, पोराला माझी कीव येतेय. त्यानेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. म्हणालास, मिलोये, उरोशबद्दल जरा बोलायचंय. मी म्हटलं, तुझ्या दातवाल्याला सांग, त्याला लोकांच्या तोंडात डोकवायची सवय आहे. हा विनोद मी दुपारपासून तयार ठेवला होता. तू हसला नाहीस. परत फिरलास.

शनिवारी सकाळी कॉफी. तुला ठाऊक आहे मी कशी करतो. लांब दांड्याचा पितळी जेज्वा, मंद आच, दोनदा फेस वर येऊ द्यायचा, पहिला कप तुझा. मी जेज्वा घेऊन आलो तर तुझ्या हातात आधीच कप होता. त्याच्याकडे हाताने दाबायचं कसलंसं यंत्र आहे, त्यातून काढलेली. तू घोट घेतलास आणि म्हणालास, वा. सव्वीस वर्षांत माझ्या कॉफीला तू वा म्हटलेलं मला आठवत नाही. प्यायचास आणि कप परत द्यायचास. मी तुझ्या वाट्याचीही प्यालो, आणि वर तारा डोंगराच्या घाटात जाईपर्यंत माझं काळीज धडधडत होतं.

काय सुंदर दिवस होता तो, ग्रादे, आणि मी तो असा नासवून घेतला. रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ता धुतलेला, देवदारांखालून गेलं की थंड हवा मानेत शिरत होती. खाली द्रिना नदी हिरवीगार. पुढे तू, तुझ्यामागे तो, मग बाकीचे, आणि सगळ्यांत मागे मी, ताफ्याची केरसुणी. पहिल्यांदा मला मागे ठेवलंत ते माझी लाल टू-स्ट्रोक धूर सोडते म्हणून, आणि वर हसलात. पण ते काम मी मनापासून केलं. कुणाचं पेट्रोल संपलं, कुणाची साखळी तुटली, कुणी नुसता घाबरून कडेला थांबला, तरी मागून मिलोये येणार हे सगळ्यांना ठाऊक. केरसुणी कुणाला ओलांडत नाही, कुणाला वाटेत सोडत नाही आणि सगळे निघाल्याशिवाय स्वतः निघत नाही. मी हे कधी मोडलं नव्हतं.

मागून सगळं दिसतं, हा या जागेचा शाप आहे. प्रत्येक वळणावर तुझा डावा हात खाली जात होता, खडी आहे, सांभाळ. कुणासाठी? मागच्यासाठी. मागे कोण? तो. मी चौदा गाड्यांच्या पाठीमागून तुझा हात मोजत होतो. झाओविनेच्या तलावावर थांबलो तेव्हा तू त्याला तुझे जुने हातमोजे दिलेस. त्याच्या गाडीचं हँडल बटण दाबलं की गरम होतं, त्याला हातमोजे कशाला? आणि त्या डाव्या मोज्याचा अंगठा माझ्या बायकोने शिवलेला आहे. तुझ्या लक्षात नसेल.

खाली आल्यावर हळू चालवायची शर्यत. वीस मीटर, जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. नऊ वेळा मी जिंकलोय. शेवटी पोचणं हेच तर माझं काम. या वेळी अर्ध्यावर असताना मी मान वर केली आणि पाहिलं, तू दोरीपाशी उभा होतास आणि तुझ्या खांद्यावर त्याचं जाकीट होतं. मी पाय टेकला. लोक हसले नाहीत, उलट हळहळले, ते आणखी वाईट. तो पांढऱ्या गाडीवर असा डुलत डुलत आला आणि डुकराची एक धुरी दिलेली अख्खी मांडी जिंकून गेला. मग अर्धी कापून माझ्याकडे घेऊन आला. चांगला माणूस असेलही. चांगल्या माणसाचा हेवा करायला दुप्पट ताकद लागते.

आणि मग जेवण. अक्रोडाच्या झाडांखाली लांब टेबलं, सळईवरची कोकरं, अख्खा मेळावा बसलेला. तू उठलास. तुझ्या हातात ती कोरीव लाकडी बुधली, लाल फीत बांधलेली, बुचाशी तुळशीची काडी. मी मनात म्हटलं, घ्या, शर्यत जिंकल्याबद्दल आता दंतवैद्याची मिरवणूक. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि अडीचशे माणसांपुढे म्हणालास, "हा तिहोमिर, आमचा कूम."

कूम. ग्रादिमिर, या शब्दाची मी सव्वीस वर्षं वाट पाहिली. कधी बोललो नाही, कारण हे मागायचं नसतं, समोरच्याने द्यायचं असतं. लग्नात शेजारी उभा राहणारा, भावापेक्षा जवळचा, ज्याच्यावर हात उगारणं पाप. घरात कार्य निघेल तेव्हा तू मलाच म्हणशील हे मी धरून चाललो होतो. आणि तू ते चार दिवसांच्या ओळखीच्या माणसाला देऊन टाकलंस. मग माझ्याकडे वळलास.

"आणि हा मिलोये, माझा प्रियातेल. तो हो म्हणाला तर."

तो हो म्हणाला तर. सव्वीस वर्षांनंतर मी तुझा मित्र आहे की नाही हे अजून ठरायचंय, आणि तेही लोकांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू बुधली माझ्यापुढे धरलीस. मी ती घेतली, बूच दाबून बसवलं आणि एक थेंबही न पिता शेजारच्या राडेकडे सरकवली. राडेने ती निखारा हातात आल्यासारखी टेबलावर ठेवली. अकॉर्डियनवाला थांबला. तू खाली बसलास, आणि तुझा चेहरा पाहून मला समाधान वाटलं, हे लपवत नाही. म्हटलं, कळलं एकदाचं याला.

तीन वाजता मी तंबू गुंडाळला. उरोश पांढराफटक होऊन बघत होता, आडवा आला नाही. केरसुणी सगळ्यांच्या आधी निघून गेली. बायिना बाश्तातून मान खाली घालून आलो, कादिन्याचाच्या चढावर थांबलो नाही, थेट घर. देसांकाला सांगितलं, पोट बिघडलं.

सोमवारी राडेचा फोन आला होता. म्हणाला, रविवारी परतताना चढावर तुझी क्लचची तार तुटली आणि पाने सगळे माझ्या पेटीत. तीन किलोमीटर गाडी ढकललीस. त्याआधी सकाळी कुणी मागची जागा घ्यायला निघालं तर तू म्हणालास म्हणे, ती जागा रिकामी ठेवा. का रे? मला लाज वाटावी म्हणून? राडेने आणखीही काही सांगायला तोंड उघडलं होतं, मी फोन ठेवून दिला.

तेव्हा आता ऐक. दुसरी केरसुणी शोध. पहिल्या वर्षी तू मला दिलेला तेरा नंबरचा पाना या पत्रासोबत परत पाठवतोय. त्याच्यावर माझी मूठ उमटलीय, पण काम देईल. उरोशला माझे आशीर्वाद, त्याचा काही दोष नाही.

मिलोये

---

ग्रादे,

वरचं काल लिहिलं. सकाळी पाकीट बांधत होतो तर देसांका आली, पाना बघितला आणि म्हणाली, हा का चाललाय? मी दोरा गुंडाळत राहिलो. तिने पत्र ओढून घेतलं, हात पुसले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. हातमोज्यांपाशी हसली. शर्यतीपाशीही हसली. मग बुधलीपाशी आली आणि थांबली. तेच दोनदा वाचलं.

मला विचारलं, फीत लाल होती? मी म्हटलं, होती. तुळस ओली होती की वाळलेली? मी म्हटलं, मला काय माहीत, ओली असेल. पुढे कुणी धरली, ग्रादिमिरनेच? स्वतः उभा राहून? टोपी काढून? टोपी काढली होती खरी. मला तेव्हा वाटलं उकडतंय म्हणून. देसांका जर्दाळूंच्या टोपलीवर बसली, ग्रादे. खुर्ची शेजारी असताना.

"अरे माणसा," ती म्हणाली, "फीत बांधलेली बुधली सोयरीक मागायला धरतात, आणि व्याह्याला काय म्हणतात आपल्याकडे?"

मी म्हटलं, प्रियातेल. मित्र आणि व्याही, दोघांना एकच शब्द. जन्मभर बोललेला. गावातल्या दहा लग्नांत मी तो त्या अर्थाने ऐकलाय, माझ्या सासऱ्याने माझ्या बापाला त्याच शब्दाने हाक मारलीय, आणि माझ्या स्वतःच्या पोरीच्या वेळेला मला तो ऐकू आला नाही. कारण माझे दोन्ही कान त्या दुसऱ्या शब्दाकडे लागलेले.

मी तरीही भांडलो. म्हटलं, असेल, पण मग कूम मला का नाही केलं? तेव्हा ती जे बोलली ते जरा सौम्य करून लिहितो. म्हणाली, "कूमच्या घरात सोयरीक होते का कधी? तुला कूम केलं असतं तर पोरांनी करायचं काय, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचं?" शब्द वेगळे होते तिचे, जास्त वाईट होते, कागदावर शोभणारे नव्हते, पण अर्थ हाच.

मग तिने नेवेनाला फोन लावला. मी दाराशी उभा. पलीकडून रडणं ऐकू आलं. देसांकाने फोन बाजूला धरून मला एकेक सांगितलं. नेवेना आणि उरोशचं जमून दोन वर्षं झाली. मला सांगायला ती घाबरत होती, मी चटकन भडकतो म्हणून, आणि तूच तिला म्हणालास, काळजी करू नकोस, तुझ्या बापाला मी विचारतो, रीतीने, सगळ्या मेळाव्यासमोर, त्याला तो मान आवडेल. तुझं बरोबर होतं. आवडला असता.

आणि नेवेना नोवी सादला नव्हती, ग्रादे. ती त्या शनिवारी बायिना बाश्ताच्या बसस्थानकावर होती. बापाने घोट घेतला की उरोश फोन करणार आणि ती छावणीत येणार, असं ठरलेलं. निळा नवा पोशाख घालून बाकावर बसली होती. अडीच तास. आणि तीन वाजून गेल्यावर तिने माझी गाडी पाहिली. आधी आवाज ऐकला, लहानपणापासून ओळखते ती तो आवाज, उठून उभी राहिली, हात वर केला. तिला वाटलं मीच न्यायला आलोय. मी मान खाली घालून तिच्यासमोरून निघून गेलो.

सव्वीस वर्षं मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्या माणसांसाठी थांबलो. एकदा बकरी घेऊन बसलेल्या म्हातारीसाठी थांबलो होतो, तू महिनाभर चिडवत होतास. आणि माझी पोर हात वर करून उभी होती. मी एका दंतवैद्याच्या जाकिटाचा विचार करत होतो.

काल लिहिलेली पानं फाडत नाही. असू देत. तुझा होणारा व्याही कसल्या मातीचा आहे ते तुला लेखी ठाऊक असावं, नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही. आणि हेवा गेलाय असं समजू नकोस. दंतवैद्याचा थोडा उरलाय, ती खुंटी मला परत हवी. पण आता मोठा हेवा तुझ्या उरोशचा आहे. लहानपणी ती माझ्या गाडीवर पुढे टाकीवर बसायची आणि म्हणायची, बाबा, हळू, आपण शेवटी पोचू. आता हे ती त्याला म्हणत असणार. मला ते बोचतं आणि बोचत राहील, त्यावर तुझ्याकडे काही पाना नाही.

हे पत्र कशासाठी, तर फोनवर हो म्हणणं मला पुरेसं वाटेना. अडीचशे माणसांसमोर नाही म्हटलेलं आहे, ते पुसायला निदान कागद तरी हवा. हा कागद म्हणजे तो घोट, असं धर, आणि राडेला, अकॉर्डियनवाल्याला, ज्याला हवं त्याला वाचून दाखव, कालच्या पानांसकट. रविवारी बुधली घेऊन पोझेग्याला ये. उरोशला आण, तुझ्या कूमलाही आण, त्याचं कॉफीचं यंत्र मात्र घरी ठेवायला सांग. देसांकाने कोकरू सांगून ठेवलंय. पाना पाठवत नाही, मला लागेल. वरातीत तिहोमिर निशाण घेऊन खुशाल पुढे जाऊ दे, पण शेवटची जागा माझी. मी आता निघतो नोवी सादला. पाच तासांची वाट आहे, माझ्या गाडीला सहा लागतील. दुसरं हेल्मेट मागे बांधलंय. ती फोनवर माझ्याशी अजून बोललेली नाही, दार उघडेल की नाही ठाऊक नाही. नाही उघडलं तर मी खाली गाडी बंद करणार नाही. तो आवाज ती ओळखते.

तुझाच, आणि या वेळी दोन्ही अर्थांनी,
प्रियातेल मिलोये